रजिस्टर आउट

"काका, माझा फोटो जरा गलिच्छ करून द्या," असं फोनवरचा आवाज म्हणाला, तेव्हा ज्योतीरामनं मोबाइल कानापासून लांब धरला, त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि परत कानाला लावला. फ्लेक्सच्या दुकानात बसल्यापासून माणसं काय मागतील याचं त्याला आश्चर्य वाटेनासं झालं होतं. गोरं करा म्हणतात, पोट आत घ्या म्हणतात, टकलावर केस लावा म्हणतात. एकानं तर शेजारी उभा असलेला सख्खा भाऊ काढून त्या जागी ट्रॅक्टर ठेवायला सांगितला होता, आणि ज्योतीरामनं तो इतका मन लावून ठेवला की ट्रॅक्टरची सावलीसुद्धा भावाच्या सावलीच्या जागेवर बरोबर पडली. पण आजवर स्वतःहून गलिच्छ व्हायला कोणी आलं नव्हतं. "किती गलिच्छ?" त्यानं धंद्याच्या आवाजात विचारलं. "फुल्ल, काका. एकदम राडा झाला पाहिजे." "चेहऱ्यावर पण?" "चेहऱ्यावरच तर पाहिजे! कपडे राहू द्या." मागं कंटेनर जात असावेत, कारण पुढचं बोलणं हॉर्नमध्ये बुडालं, एवढंच कळलं की पोरगा निघोज्याचा, नाव प्रज्वल, चाकणच्या एका कंपनीत लाइनवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी रॅप करतो. स्टेजवरचं नाव 'एमसी ओव्हरटाइम'. शनिवारी पिंपरीत कार्यक्रम, त्याचा फ्लेक्स. ज्योतीरामनं वही ओढली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'प्रज्वल, निघोजे. सहा बाय आठ. फोटो गलिच्छ करणे, चेहऱ्यावर फुल्ल.' आणि खाली पट्टी लावून रेघ मारली.

मग दीड तास तो त्या पोराच्या तोंडाला चिखल फासत बसला. कुठल्याशा शेताच्या फोटोतून त्यानं ओला चिखल उचलला, तो दोन्ही गालांवर सारखा बसवला. कंपनीतला मुलगा म्हणून नाकावर ग्रीसचा एक ओघळ सोडला, कपाळावर काजळी आणली आणि अगदी शेवटी, आता गिऱ्हाइकानं राडाच म्हटलंय तर हात कशाला आखडा, म्हणून वरचा एक दात काळा केला. काम झाल्यावर खुर्ची मागं सरकवून त्यानं बघितलं आणि त्याला मनापासून समाधान वाटलं. इतका गलिच्छ माणूस त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. एवढ्यात दुकानाची मालकीण विजयश्री बँकेचं काम उरकून आली. तिशी-बत्तिशीची, चुणचुणीत बाई; नवरा कंपनीत, हिनं स्वतःच्या हिमतीवर निघोज्याच्या अलीकडं रस्त्याला लागून हे दुकान टाकलेलं. तिनं पर्स ठेवली, पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "काका, हा कुठं पडला?" ज्योतीराम म्हणाला, "पडला नाही, मी केलाय. गलिच्छ." तिनं वही वाचली. मग ती जी हसायला लागली ती हसता हसता फ्लेक्सच्या गुंडाळीवरच बसली, आणि मागं जमिनीवर बसून फ्लेक्सच्या कडांना कड्या ठोकणारा पिंटू हातोडी खाली ठेवून बघायला आला. "ग्लिच, काका! ग्लिच! गलिच्छ नाही!" ती डोळे पुसत म्हणाली, आणि तिनं आपल्या मोबाइलवर एक नमुना काढून त्याच्यासमोर धरला. तो नमुना बघितला आणि ज्योतीराम खुर्चीसकट मागं सरकला.

फोटोत एक मुलगी होती, पण एक नव्हती. तिच्या डाव्या बाजूनं एक लाल मुलगी बाहेर डोकावत होती आणि उजव्या बाजूनं एक निळी. नाकाला दोन कडा, ओठांना तीन. मधेमधे आडव्या पट्ट्या तुटून सरकलेल्या. विजयश्री सांगत होती की टीव्ही बिघडल्यावर कसं दिसतं तसं मुद्दाम करायचं, सध्या सगळ्या पोरांना हेच पाहिजे असतं. पण ज्योतीरामला तिचं बोलणं लांबून येत होतं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "हे तर रजिस्टर आउट आहे." छपाईतला शब्द, तिला कळला नाही. तिनं विचारलं, कुठलं रजिस्टर? आता एकतीस वर्षं एका वाक्यात कशी सांगायची? भोसरीच्या एमआयडीसीत सुवर्णरेखा ऑफसेट नावाची प्रेस होती, तिथं ज्योतीराम साताऱ्याकडच्या कोरेगावाहून आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. कागद मशिनीतून चार वेळा रंग खातो, निळा, लाल, पिवळा, काळा, आणि चारही रंग एकमेकांवर केसभरही न हलता बसले तर चित्र दिसतं, नाही तर भूत दिसतं. कागदाच्या कोपऱ्यात त्यासाठी एक बारीक फुली छापतात. चारही रंगांच्या फुल्या एकमेकींवर पडल्या की एकच काळी फुली उरते, म्हणजे रजिस्टर बसलं, आणि त्या फुलीकडं भिंगातून बघण्यात ज्योतीरामची एकतीस वर्षं गेली. हेड मशिनमन मारुतराव त्याचे गुरू. ते शिकवायचे कमी आणि टपली जास्त मारायचे. "चार रंग, एक माणूस," ते म्हणायचे. "कागदावर दोन दिसले तर त्यातला एक तू, आणि तू घरी." ज्योतीराम कधी घरी गेला नाही. प्रेसच घरी गेली. मालकाच्या मुलांनी शेड विकली, मशिनी भंगारात गेल्या, आणि पंचावन्नाव्या वर्षी ज्योतीराम संगणकाच्या क्लासला पोरापोरींच्या मधे बसून माउस धरायला शिकला.

खरं तर एकदा, एकदाच, त्याचं रजिस्टर आउट गेलं होतं, आणि ते जायचं तर कशात जावं? लक्ष्मीच्या कॅलेंडरात. एका सराफाची दिवाळीची पाच हजार कॅलेंडरं होती. घरून धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याची तार आली होती, त्या आनंदात ज्योतीरामनं भिंग न लावताच मशीन सोडली, आणि लाल रंग सूतभर उजवीकडं बसला. सूतभर म्हणजे साडीला चाललं असतं, कमळाला तर शोभलं असतं, पण डोळ्यांना चालत नाही. लक्ष्मीला चार डोळे झाले. दोन भक्ताकडं बघत होते आणि दोन शेजारच्याकडं. मारुतराव एक शीट उजेडाला धरून म्हणाले, "ज्योत्या, देवीला चकणी केलीस." त्याहून वाईट पुढं होतं, कारण देव रद्दीत घालता येत नाही. बिस्किटाच्या खोक्यावरचं पोरगं दोन नाकांचं झालं तर ते सरळ लगद्याला जातं, पण लक्ष्मीचं काय करणार? शेवटी दोघांनी टेम्पोत सगळे गठ्ठे भरले, वर हळदकुंकू वाहिलं आणि आळंदीच्या वरच्या अंगाला इंद्रायणीत विसर्जन करायला नेले. आणि गठ्ठे बुडेचनात. आर्ट पेपर चांगला होता. दोऱ्या सुटल्या, शीटं मोकळी झाली, आणि चार-चार डोळ्यांच्या शेकडो लक्ष्म्या ज्योतीरामकडं आणि ज्योतीरामच्या शेजारी बघत संथपणे वाहत गेल्या. पुढं कितीतरी महिने कोणी त्याच्याशी बोलताना जरा बाजूला बघितलं तरी तो दचकून आपल्या शेजारी बघायचा. अजूनही बसमध्ये बसला की तो रस्त्यावरच्या बोर्डांवरच्या माणसांचे आधी डोळे मोजतो, मग नाव वाचतो.

हे सगळं त्याला सांगायचं होतं, सांगितलं एवढंच की, "बाई, हे चुकीचं छापलेलं असतं." विजयश्री समजूतदार होती. ती म्हणाली, "काका, चुकीचं नाही, मुद्दाम आहे." मग खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली, आणि ती समोर बसली तेव्हाच ज्योतीरामला कळलं की आता काहीतरी खरं बोलणं येणार. "हे बघा, मला तुमचं काम आवडतं. तुमच्यासारखी सरळ ओळ कोणी लावत नाही. पण गेल्या महिन्यात तीन पोरं हेच मागायला आली आणि परत गेली. उद्या दुपारी हा प्रज्वल येणार, सेकंड शिफ्टला जायच्या आधी. तोपर्यंत तुम्हाला जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर डिझाइन मला बाहेरून करून घ्यावं लागेल, आणि मग तुम्ही पिंटूबरोबर फिनिशिंगला." तिनं मागं बघितलं नाही, पण ज्योतीरामनं बघितलं. पिंटू जमिनीवर पाय पसरून कडी ठोकत होता. पिंटू चाळिशीचा, त्याचे गुडघे चांगले. "या की काका," पिंटू प्रेमानं म्हणाला, "मला बी कंपनी व्हईल." ज्योतीरामला त्या प्रेमाचाच राग आला. ही खुर्ची काही फार चांगली नव्हती, तिचं एक चाक अडायचं, पण गावाकडचं कोणी विचारलं तर तो 'कॉम्प्युटरवर असतो' असं सांगायचा. कड्या ठोकतो असं सांगायला त्याची जीभ वळली नसती.

त्यानं प्रज्वलचा मूळ, स्वच्छ फोटो उघडला. विजयश्रीनं दाखवलं तसं फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे केले, लाल थर धरला, आणि कीबोर्डवरचा डावा बाण एकदा दाबला. लाल प्रज्वल एक ठिपका डावीकडं सरकला.  ज्योतीरामनं इकडंतिकडं बघितलं, आणि उजवा बाण दाबून त्याला परत जागेवर आणलं. मग परत डावीकडं, आणि परत जागेवर. हात ऐकेचना, डोकं 'हलव' म्हणायचं आणि बोटं आपली एकतीस वर्षांची नोकरी करायची. शेवटी त्यानं उजव्या हातावर डावा हात दाबून धरला आणि तीन ठिपके सरकवले. पडद्यावरचं ते पोरगं कडेनं सुटं झालेलं बघून त्याच्या डोक्यावर, टपलीच्या नेमक्या जागेवर, गरम वाटायला लागलं. "झालं," त्यानं विजयश्रीला हाक मारली. तिनं येऊन बघितलं, चष्मा वर केला, वाकून बघितलं. "काय झालं?" "हलवला की. दिसत नाही?" "नाही." "मला इथून दिसतोय," ज्योतीराम म्हणाला, आणि ते खरंच होतं, त्याला तो दारातूनही दिसला असता. विजयश्री म्हणाली, "काका, सहा बाय आठचा फ्लेक्स आहे. चाळीस तरी सरकवा." चाळीस! चाळीस ठिपक्यांत तर माणूस घर सोडून जातो. त्या संध्याकाळी दुकान सोडेपर्यंत त्याची मजल सातापर्यंत गेली, आणि निघताना, विजयश्रीची पाठ वळलेली बघून, त्यानं ते सातही परत घेतले.

बसमध्ये तो खिडकीशी बसला होता, मोशीच्या अलीकडं गाड्या तुंबल्या होत्या, आणि त्याला आपला राग नेमका कोणावर आहे हे ठरवता येत नव्हतं. ज्या चुकीपायी त्यानं टपल्या खाल्ल्या, ती आता पोरं हौसेनं मागत होती. मारुतराव असते तर? ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही ज्योतीरामनं आधी डोळे मोजले होते. घरी कौशल्याबाई डब्यांची तयारी करत होत्या. कंपनीतल्या चार एकट्या पोरांचे डबे त्या करून द्यायच्या. ज्योतीरामनं चपला काढल्या, जोडून भिंतीला समांतर ठेवल्या, आत येता येता दाराचा पडदा सारखा केला आणि भिंतीवरचं कॅलेंडर डावीकडून अर्धं बोट वर उचललं. "आलात का वाकडं शोधायला?" कौशल्याबाई पोळी उलटत म्हणाल्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. बोहल्यावर, भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना, नवऱ्या मुलानं हात लांब करून नवरीच्या मुंडावळ्यांच्या दोन्ही बाजू एका उंचीवर आणल्या होत्या. मांडवात तेव्हा सगळ्यांनी त्याला प्रेम समजलं होतं. कौशल्याबाईंना खरं काय ते पहिल्या आठ दिवसांत, तो वाळवणातले पापड ओळीत लावत बसला तेव्हा कळलं. आज त्यानं मोरीच्या कडेला बसून सगळं सांगितलं. खुर्चीचं, पिंटूचं, चाळीस ठिपक्यांचं. "हात कापतो गं हलवताना," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, ती 'असू द्या' म्हणेल. कौशल्याबाईंनी पोळी डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "मला कोरेगावाहून भोसरीत हलवलंत, तवा न्हाई कापला हात." त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. ज्योतीरामनं डब्यांची झाकणं एका रेषेत लावली.

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिला. गिऱ्हाइकाच्या फोटोवर हात चालत नाही तर आधी घरच्यावर सराव करावा असं त्यानं बसमध्ये ठरवलं होतं, आणि त्याच्या मोबाइलवर घरचं म्हणजे कौशल्याबाईंचा एकच फोटो होता, सोसायटीच्या हळदीकुंकवातला, हातात वाणाचा डबा, तोंडावर 'काढा लवकर' असा भाव. तो त्यानं उघडला आणि थर वेगळे केले. काल घाईत त्यानं थर नुसते सरकवले होते, एकेक उघडून बघितला नव्हता. आज लाल थर एकटा उघडला. एकटा थर रंगीत नसतो, काळापांढराच दिसतो. आणि त्यात त्याला कोरेगावची कौशल्या दिसली. गाल उजळ, नितळ, कपाळावर एक रेघ नाही, डोळ्यांखाली काही नाही. मुंडावळ्या सारख्या केल्या तेव्हाची, अगदी ती. तो खुर्चीत पुढं सरकला. लाल रंग कातडीवरचं सगळं माफ करतो हे त्याला प्रेसमधून ठाऊक होतं, पण माहिती असणं वेगळं आणि बायको दिसणं वेगळं. मग त्यानं निळा थर उघडला. निळा कोणाला काही माफ करत नाही. त्यात एक दमलेली, काळवंडलेली बाई होती. डोळ्यांखाली पिशव्या, ओठांच्या कडेला दुमडी, आणि डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढं, रुपयाएवढा एक डाग. तो त्या डागाकडं बघत राहिला. रंगीत फोटोत तो नव्हता, म्हणजे असून दिसत नव्हता. त्यानं फोन लावला. "तुझ्या गालावर डाग कसला गं?" तिकडं कुकरची शिट्टी झाली. "कुठला?" "डाव्या. कानाजवळ."  "तो व्हय. वाफ बसली हुती कुकरची. सात वर्सं झाली." "मला बोलली नाहीस." "बोलले की. तुमी तवा खिडकीचा पडदा बसवत हुता. म्हणलात, थांब, एक बाजू खाली राहिलीय." मग त्यांनी विचारलं, आज अचानक डाग कुठून दिसला; ज्योतीराम म्हणाला, निळ्यात दिसला. "जेवलात का?" कौशल्याबाईंनी विचारलं, कारण सकाळचे दहा वाजले होते आणि माणूस काहीच्या बाही बोलत होता.

फोन ठेवल्यावर ज्योतीरामला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं त्यानं रंगांवर रंग बसवले, माणसावर माणूस बसवला, आणि शेवटी जे एक दिसायचं त्यालाच तो खरं समजला. पण त्या एकात या दोघी दडपून गेल्या होत्या. कोरेगावची ती आणि कुकरपाशी भाजलेली ही. त्यानं लाल थर धरला, डावीकडं सरकवला, दहा, वीस, तीस. निळा धरून उजवीकडं नेला. हात कापला, पण थांबला नाही. आता पडद्यावर मधे वाणाचा डबा घेतलेली आजची कौशल्या होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी त्या दोघी बाहेर आल्या होत्या. ज्योतीरामला ते चित्र वाकडं वाटलं, आणि बरोबरही वाटलं. फक्त एक गोष्ट त्याला सहन होईना. तिला सहा डोळे झाले होते, त्यातले दोन त्याच्याकडं आणि बाकीचे कुठंतरी भलतीकडंच. त्याला इंद्रायणी आठवली. त्यानं मूळ फोटो सगळ्यात वर आणून ठेवला आणि डोळे सोडून बाकीचा पुसून टाकला. आता सगळं सुटलेलं, सरकलेलं, आणि त्याच्या मधोमध दोन डोळे जागच्या जागी, एकावर एक रंग बसलेले. कौशल्या थेट त्याच्याकडं बघत होती. 'काढा लवकर' म्हणत होती.

प्रज्वलचं काम मग दोन तासांत झालं. त्याच्याही लाल थरात मिसरूड न फुटलेला, शाळेतला मुलगा निघाला, आणि निळ्यात कंपनीतला माणूस. मुरमांचे खड्डे, जागरणाची काळी वर्तुळं, नाकावर सेफ्टी गॉगलचा रुतलेला वण. ज्योतीरामनं शाळकऱ्याला डावीकडं चाळीस ठिपके काढलं, कामगाराला उजवीकडं चाळीस, हनुवटीपाशी दोन आडव्या पट्ट्या तोडून सरकवल्या, आणि सरकवताना त्या दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर सारखं आहे ना हे मोजून घेतलं. डोळे मात्र तिथंही जागेवर बसवले. सव्वा वाजता खुद्द प्रज्वल आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एका कानात बाळी, अंगानं काडी, आणि आवाज मात्र फोनवरच्यासारखाच दणदणीत. पिंटूनं त्याला आल्या आल्या कालचा चिखलाचा फोटो दाखवला. "आरं तिच्यायला, ह्ये बी भारी हाय!" प्रज्वल म्हणाला. मग काउंटरवर कोपर टेकून त्यानं सहज सांगितलं, "काका, लई तरास झाला का? मला आधी म्हाईतच न्हवतं. आत्ता येताना रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर करून बघितलं. ॲप हाय. एका बोटात हुतंय." आणि त्यानं मोबाइल पुढं केला. तिथं प्रज्वल होता, लाल, निळा, थरथरलेला, तुटलेला, अगदी नमुन्यातल्या मुलीसारखा. एका बोटात झालेला.

विजयश्रीनं मोबाइल हातात घेतला. तिनं तो बघितला, मग दुकानाकडं बघितलं, आणि ती काय हिशेब करतेय हे ज्योतीरामला तिच्या कपाळावरून वाचता आलं. दीड दिवस आणि एक बोट. ती चांगली बाई होती, तिला बोलणं जड गेलं असतं. म्हणून त्यानंच ते सोपं करावं असं त्याला वाटलं. तो खुर्चीतून उठला. अडणारं चाक जरा करकरलं. तो मागं गेला, पिंटूच्या शेजारी उभा राहिला, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की पिंटूच्या कड्यांमधलं अंतर कमीजास्त आहे. निदान तेवढं तरी आपण सुधारू. गुडघ्यावर हात ठेवून तो खाली बसायला लागला. "तुमचं बघू की, काका," प्रज्वल म्हणाला, "केलंय तर दाखवा." विजयश्रीनं फाइल उघडली. सहा बाय आठचा प्रज्वल पडद्यावर आला.

पिंटूनं हातोडी थांबवली.  प्रज्वलनं आपला मोबाइल पडद्याच्या शेजारी धरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "ह्यात," तो मोबाइल हलवत म्हणाला, "मी कुठं बघतोय तेच कळंना. फोटो बिघडलाय, झालं." मग पडद्याकडं बोट केलं. "आन् ह्यो माझ्याकडं बघतोय राव. रातपाळी सुटल्यावर टॉयलेटच्या आरशात आसाच दिसतो मी. सगळं हललेलं असतंय. डोळं तेवढं जागं." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "मॅडम, ह्योच मारा. आन् शनिवारी समद्या पोरांना सांगतो, कुणी क्येलाय ते." दोन वाजायला आले होते, शिफ्टची बस फाट्यावर येणार होती. जाताना तो ज्योतीरामपाशी थांबला, वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि पळाला.

विजयश्री पडद्यापुढंच उभी होती. तिनं चित्र मोठं केलं, डोळ्यांपाशी नेलं, परत लहान केलं. "काका," ती म्हणाली, "सगळं हलवलंत आणि डोळे सोडलेत. हे सुचलं कसं?" ज्योतीरामला काहीही सांगता आलं असतं. डोळे हा चेहऱ्याचा प्राण असतो, असं एखादं वाक्य त्याला येत होतं, कुठल्याशा कॅलेंडरावर त्यानं ते छापलंही होतं. पण सकाळपासून त्याचं मन उघडं पडलं होतं, त्यात आता खोटं उभं करायची ताकद नव्हती.

"सुचलं नाही, बाई," तो म्हणाला. "हिंमत झाली नाही."

विजयश्रीला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि या वेळी ती हसली नाही. तिनं फाइल मशिनीला लावली, रोल तपासला. मागं छपाईचा आवाज सुरू झाला.

"हे गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही," ती म्हणाली. "विचारलं तर स्टाइल आहे म्हणायचं."

"स्टाइल," ज्योतीराम म्हणाला.

"आणि खुर्चीतून उठलात कशाला? बसा."